निपाणीहून बेळगाव : आईच्या धापेसाठी गाठलेला छातीरोग दवाखाना

माझ्या आईचे वय आज ७४ आहे. तिला लागणाऱ्या धापेवर उपचार घेण्यासाठी गेल्या नऊ महिन्यांत आम्ही निपाणीहून बेळगावच्या टिळकवाडी भागातील एका खासगी छातीरोग दवाखान्यात सहा फेऱ्या केल्या. तेथे काय चांगले मिळाले, कोठे मनस्ताप झाला आणि किती पैसे लागले, हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण जाण्यापूर्वी असे काही वाचायला मिळाले असते तर आमचे किमान दीड वर्ष वाचले असते. दवाखान्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही. माझ्या काही तक्रारी आहेत, त्या मी तेथील व्यवस्थापनाकडे लेखी दिल्या आहेत आणि त्यांचा निकाल तेथेच लागावा असे मला वाटते.

आईची पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. निपाणी परिसर विडीच्या तंबाखूसाठी ओळखला जातो आणि येथील असंख्य बायकांनी तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढले आहे. आई वयाच्या सतराव्या वर्षी वखारीत लागली आणि जवळजवळ तीस वर्षे तंबाखू निवडण्याचे आणि चाळण्याचे काम तिने केले. ती संध्याकाळी घरी आली की तिच्या केसांत, पदरात, अगदी भुवयांवरसुद्धा तांबूस खकाणा असे आणि तिने लुगडे झटकले की आम्हा भावंडांना ठसका लागे. घरी आल्यावर पुन्हा चूल होतीच. शेणी आणि ओल्या काटक्या पेटेपर्यंत ती फुंकणी घेऊन धुरात वाकून बसे. गॅस आमच्याकडे आला तो माझ्या लग्नानंतर. आईने आयुष्यात कधी विडी ओढली नाही. मशेरी मात्र लावायची, तीही दहा वर्षांपूर्वी सोडली. विडी ओढली नाही म्हणून तिच्या फुफ्फुसांना काही झाले असेल, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नाही.

धाप एका दिवसात वाढली नाही, हेच या दुखण्यातले सर्वांत फसवे अंग आहे. आधी आई गुरुवारच्या बाजारातून येताना एकदा थांबे, मग दोनदा थांबू लागली, मग बाजाराला जायचेच तिने सोडले आणि आम्ही म्हणालो की आता वय झाले, तिने कशाला जायचे. भाकरी थापणे तिने सुनेकडे दिले. देवळात जाणे एकादशीपुरते उरले. शेजारणींशी तासन्‌तास बोलणारी आई हळूहळू अबोल झाली, तेव्हा आम्हाला ती बाबांच्या आठवणीने खचली असे वाटले. खरे कारण असे होते की बोलताना तिला दम पुरत नव्हता. माणूस धाप लागू नये म्हणून एकेक काम सोडत जातो आणि घरच्यांना वाटते की त्याला काही त्रास नाही, कारण तो धापा टाकताना कधी दिसतच नाही.

या काळात गावातच उपचार चालू होते. दोन ठिकाणी दाखवले. प्रत्येक वेळी खोकल्याचे औषध, पाच दिवसांच्या गोळ्या आणि एक इंजेक्शन मिळे, त्याने चार दिवस बरे वाटे आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. छातीचा एक्स-रे एकदा काढला होता, परंतु ‘थोडा कफ आहे’ यापलीकडे कोणी काही सांगितले नाही. एका ठिकाणी तोंडात मारायचा पंप दिला, पण तो कसा घ्यायचा हे अर्ध्या मिनिटात उरकले. सगळेजण याला दमा म्हणत होते आणि आम्हीही तेच म्हणत होतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका रात्री दोनच्या सुमारास आई अंथरुणावर उठून बसली, खिडकी उघडा म्हणाली आणि पहाटेपर्यंत आडवी झाली नाही. त्या रात्रीनंतर आम्ही बाहेर दाखवायचे ठरवले.

निपाणीचा माणूस मोठ्या दुखण्याला सहसा कोल्हापूर गाठतो. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि बेळगाव जवळजवळ त्याच्या दुप्पट. तरीही आम्ही बेळगाव निवडले, कारण माझी नणंद तेथील वडगाव भागात राहते आणि आईला मुक्कामाची सोय होती. दुसरे कारण शिधापत्रिकेचे होते. आईचे कार्ड कर्नाटकचे, बीपीएलचे. तिला दाखल करावे लागले असते तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेचा उपयोग याच राज्यातील रुग्णालयांत सरळ झाला असता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते की ही योजना दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. बाहेरून दाखवण्याची फी, तपासण्या आणि महिन्याची औषधे यांत येत नाहीत, त्यामुळे या दवाखान्यातला सगळा खर्च आम्हीच केला. बसचा खर्च मात्र झाला नाही. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातील बायकांना राज्याच्या साध्या बसने मोफत जाता येते, आधार कार्ड दाखवले की शून्य रुपयांचे तिकीट मिळते.

आता दवाखान्याविषयी. पहिली फेरी मी कधी विसरणार नाही. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. छातीच्या डॉक्टरांकडे येणारा प्रत्येक रोगी धापेचाच असतो, तरी त्याने आधी अठरा पायऱ्या चढायच्या, हे मला अजूनही पटत नाही. आई तीनदा थांबली. वर पोहोचल्यावर तिचे ओठ फिके पडले होते आणि तिला दहा मिनिटे बोलता येत नव्हते. टोकन क्रमांक ४३ होता आणि आम्ही साडेदहापासून पावणेदोनपर्यंत बसून होतो. आकडे कन्नडमध्येच पुकारले जात होते. मी शाळेत मराठी शिकवते आणि माझे कन्नड बेतास बात आहे, मात्र ‘नलवत्मूरु’ ऐकताच माझ्याआधी आई उठली. वखारीतली वजने मोजून मोजून कन्नड आकडे तिच्या कानांत बसले आहेत.

डॉक्टरबाईंनी आईला सुमारे पंचवीस मिनिटे दिली आणि या दवाखान्याला मी जे गुण देते त्यातले अर्धे या पंचवीस मिनिटांचे आहेत. त्यांनी स्टेथोस्कोप लावण्याआधी विचारले, “आज्जी, रात्री किती उशा घेता?” आई म्हणाली, “तीन.” “मागच्या दिवाळीला किती घेत होता?” आईने एक बोट वर केले. मग विचारले, संध्याकाळी चप्पल घट्ट होते का? पाय धुवायला वाकल्यावर दम लागतो का? सपाट रस्त्यावर तुमच्या वयाच्या बायका पुढे निघून जातात का? चूल किती वर्षे होती? वखारीत तोंडाला काही बांधत होता का? चप्पल घट्ट होते हे आईने मला कधी सांगितले नव्हते, कारण चप्पल आणि छाती यांचा संबंध असेल असे तिला वाटलेच नव्हते. बाईंनी घोट्यावर अंगठा दाबून काही क्षण धरला आणि काढला, तेव्हा तेथे खळगा राहिला. तो खळगा मीही तेव्हाच प्रथम पाहिला.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. श्वासनलिका अरुंद झाल्या असतील तर मुख्यतः चालताना, चढताना धाप लागते, छातीत घरघर होते आणि वर्षानुवर्षे खोकला-कफ असतो. हृदयावर ताण असेल तर आडवे झाल्यावर धाप वाढते, रात्री मध्येच घाबरे होऊन उठावे लागते, पाय सुजतात आणि वजन थोड्या दिवसांत वाढते. रक्त कमी असेल तर फुफ्फुस आणि हृदय दोन्ही चांगले असूनही दम लागतो. म्हातारपणी यातले एकच कारण असेल असे नाही, म्हणून एका कारणाचे औषध देऊन थांबू नये, असे त्यांचे म्हणणे होते. आईच्या बाबतीत तिन्ही निघाली.

फुंकण्याच्या तपासणीविषयी थोडे जास्त लिहिते, कारण निपाणीत दीड वर्षात ती कोणी सुचवलीही नव्हती. स्पायरोमेट्री असे तिचे नाव. पूर्ण श्वास भरून घ्यायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे आणि सगळा जोर लावून फुंकायचे. फुंक आतली हवा पूर्ण संपेपर्यंत टिकली पाहिजे. नाकाला चिमटा लावतात. आईला पहिल्या तीन वेळा जमले नाही, ती दिव्यावर फुंकर घालावी तशी हळूच फुंकत होती आणि पडद्यावरची रेघ वर जाण्याआधीच कोसळत होती. तपासणी करणारा तरुण कन्नड भाषक होता आणि त्याचे मराठी मोडके होते. तो आधी “ऊद्री अज्जी, ऊद्री” म्हणत होता, मग त्याने हाताने चूल आणि फुंकणी करून दाखवली आणि म्हणाला, “आज्जी, लाकूड ओला हाय, पेटंना, फुका, फुका, अजून, अजून!” आईला लगेच कळले. चौथ्या वेळी तिने अशी फुंक मारली की तिच्या गळ्याच्या शिरा वर आल्या आणि रेघ सरळ चढून हळूहळू उतरली. नंतर श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचे फवारे देऊन पंधरा मिनिटे बसवले आणि पुन्हा तीनदा फुंकायला लावले.

या तपासणीत एकूण बाहेर आलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती हवा आली हे मोजतात. औषध दिल्यानंतरही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिले तर श्वासनलिकांत कायमचा अडथळा आहे असे समजतात. आईचे प्रमाण ५६ आले. वयाप्रमाणे हे प्रमाण थोडे उतरतेच, त्यामुळे वृद्ध माणसाचे ६८ किंवा ६९ आले तर लगेच शिक्का मारू नये, पण ५६ मध्ये शंका नाही, हेही डॉक्टरबाईंनी स्वतःहून सांगितले. दम्यात औषधानंतर नळ्या बऱ्याच मोकळ्या होतात. आईच्या फारशा झाल्या नाहीत. म्हणजे हा दमा नव्हता, सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा आजार होता, आणि तो विडी न ओढणाऱ्या बाईला चुलीच्या धुराने आणि कामाच्या जागेवरील धुळीने होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळले. परतीच्या वाटेवर मी आमच्या गल्लीतल्या, आईबरोबर वखारीत असलेल्या बायका मनात मोजत होते. त्यातल्या चौघींना ‘दमा’ आहे.

त्याच दिवशी ईसीजी, छातीचा नवा एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या. दवाखान्याच्या मार्गिकेत आईला सहा मिनिटे चालवून आधी आणि नंतर बोटातल्या यंत्रावर ऑक्सिजन पाहिला. बसल्या जागी ९३ होता, चालल्यावर ८८ झाला. नुसते बसवून ऑक्सिजन मोजला तर असा आजार निसटू शकतो. घरी यंत्र असेल तर बोट थंड असताना किंवा नखांना रंग असताना आकडा चुकू शकतो, एवढे ध्यानात ठेवावे. हिमोग्लोबिन ९.४ निघाले, म्हणजे रक्तही कमीच होते.

हृदयाची सोनोग्राफी, ज्याला सगळे टू-डी इको म्हणतात, ती या दवाखान्यात होत नाही. त्यासाठी जवळच्या दुसऱ्या इमारतीतील केंद्रात पाठवतात. अंतर फार नाही, पण धापेच्या माणसाला भर दुपारी पायऱ्या उतरून, रस्ता ओलांडून जायचे, तिथे पुन्हा रांग धरायची आणि अहवाल घेऊन तेच अठरा पायऱ्यांचे दिव्य पुन्हा करायचे. चाकाची खुर्ची मागितली तेव्हा ती खालच्या औषध दुकानात खोक्यांखाली सापडली. मी तक्रार केली ती मुख्यतः याचीच. इको करणारे केंद्र वेगळे असण्याला इलाज नसेल, तर अहवाल वर मागवून घेण्याची आणि रोग्याला एकाच जागी बसवून ठेवण्याची व्यवस्था सहज करता येईल.

इकोत हृदयाचे पंपिंग ६० टक्के आले आणि ते ऐकून मला हायसे वाटले. डॉक्टरबाईंनी तेवढ्यावर थांबू दिले नाही. उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे राहिला की हृदयाचा स्नायू जाड आणि ताठ होतो, तो आकुंचन नीट पावतो पण सैल नीट पडत नाही, त्यामुळे रक्त आत शिरायला अडते आणि मागे फुफ्फुसांत पाणी साचू लागते. पंपिंगचा आकडा चांगला असला तरी हृदय थकलेले असू शकते आणि वृद्ध बायकांत हा प्रकार बराच आढळतो. आईचा रक्तदाब त्या दिवशी १६८/९४ होता. रक्तदाबाची गोळी ती ‘डोके दुखले की’ घेत असे, हे आम्हाला तेव्हाच समजले.

उपचाराच्या तपशिलात फार शिरत नाही, कारण ते आईचे औषध आहे आणि दुसऱ्याने ते वाचून घेऊ नये. पंपाचे मात्र सांगायलाच हवे. परिचारिकेने आईला जुना पंप कसा घेता ते करून दाखवायला सांगितले. आईने आधी श्वास घेतला, मग पंप दाबला, आणि पांढरा फवारा जिभेवर आपटून तोंडाबाहेर आला. आठ महिने ते औषध असेच हवेत जात होते. परिचारिकेने पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, दिली आणि एकेक पायरी शिकवली. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसरभोवती ओठ मिटायचे, एकदाच दाबायचे, सावकाश श्वास आत ओढायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. आईने दहा आकडे कन्नडमध्ये मोजले. हे सगळे चार वेळा करून घेतल्यावरच त्यांनी आम्हाला सोडले, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत पंप घेऊन दाखवायला लावला. दुसऱ्या फेरीत आई पुन्हा चुकत होती, म्हणून हा आग्रह किती योग्य आहे ते मला पटले.

औषधांची चिठ्ठी आणि सूचनांचा कागद मात्र केवळ इंग्रजीत आणि कन्नडमध्ये होता. त्या दिवशी बाकावर माझ्याबरोबर बसलेल्यांत खानापूरचे दोघे, उचगावची एक बाई आणि येळ्ळूरचे एक आजोबा होते, सगळे मराठी बोलणारे. आई १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वीची, तिचा जन्म मुंबई राज्यातला. वाचते ती मराठीच. बोलताना दवाखान्यातील प्रत्येकाने तिच्याशी आपणहून मराठीत बोलण्याचा प्रयत्न केला, त्याबद्दल मला काडीचीही तक्रार नाही. परंतु रात्री दोन वाजता जो कागद काढून पाहायचा असतो, तो वाचता आला पाहिजे. मी सूचनांचा मराठी तर्जुमा मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात लावला आणि त्याची एक प्रत तिसऱ्या फेरीत स्वागतकक्षात दिली. पाचव्या फेरीत ती औषधाच्या खिडकीशेजारी चिकटवलेली दिसली.

त्या कागदावर धोक्याच्या खुणाही आहेत. ओठ किंवा नखे निळसर पडणे, एक वाक्य पुरे बोलता न येणे, गुंगी येणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे, छातीत दुखणे, एकाच पायाची पोटरी सुजून अचानक धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर दवाखान्याच्या वेळेची वाट न पाहता १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचे. रोज सकाळी चहाआधी वजन करायचे आणि तीन दिवसांत दोन किलो वाढले तर कळवायचे. मीठ कमी करायचे, म्हणजे नुसते वरून घ्यायचे मीठ नव्हे, तर खर्डा, लोणचे, पापड आणि सांडगे. आईला खर्डा सोडणे औषधांहून जड गेले. एका नातेवाइकांनी करोनाच्या वेळचे ऑक्सिजनचे यंत्र आणून देतो म्हटले होते. डॉक्टरबाईंनी स्पष्ट नको सांगितले. सीओपीडीच्या काही रोग्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिल्याने अपाय होतो, म्हणून तो डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय आणि मोजून दिल्याशिवाय घ्यायचा नसतो.

मधल्या काळात एक चूक झाली, ती दवाखान्याची नव्हती, पण त्यांना ती टाळता आली असती. आईच्या औषधांत डॅपाग्लिफ्लोझिन नावाची एक गोळी होती. महिन्याने ती आणायला मी आमच्याकडच्या एका औषध दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, “ही तर साखरेची गोळी आहे, आज्जींना साखर नाही, कशाला देता?” मी घाबरून ती बारा दिवस दिली नाही. त्या बारा दिवसांत वजन दीड किलो वाढले आणि तिसरी उशी पुन्हा आली. फोन केल्यावर डॉक्टरबाईंनी समजावले की ही गोळी मधुमेहासाठी आली खरी, पण आता मधुमेह नसलेल्या रोग्यांनाही हृदय थकल्यावर देतात. हे चिठ्ठीवर एका ओळीत लिहिले असते तर बरे झाले असते. फोन त्यांनी त्याच दिवशी संध्याकाळी उलट केला, ही गोष्ट मात्र आजकाल दुर्मिळ आहे.

पैशांचे म्हणाल तर पहिल्या तपासणीची फी ६०० रुपये आणि पुढच्या फेऱ्यांची ४०० होती. फुंकण्याच्या तपासणीला ९००, इकोला १,८०० आणि रक्त, ईसीजी, एक्स-रे मिळून सुमारे २,७०० रुपये लागले. महिन्याची औषधे सुरुवातीला अडीच हजारांच्या घरात जात होती. गोळ्या जनऔषधी दुकानातून घेऊ लागल्यावर ती दीड हजारांच्या आसपास आली. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस, या दोन्ही घ्यायला सांगितल्या. त्यांतली न्यूमोनियाची सर्वांत महाग पडली, साडेतीन हजार. वखारीत काम केलेल्या सगळ्यांना हा खर्च झेपणार नाही, याची मला जाणीव आहे. ज्यांना झेपत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयात जावे, पण तेथेही फुंकण्याची तपासणी आणि हृदयाची तपासणी या दोन्ही नावे घेऊन मागाव्यात.

एक उणीव अजून सांगते. श्वासाचे व्यायाम, म्हणजे नाकाने श्वास घेऊन शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडणे, बसल्या जागी हातपाय हलवणे आणि रोज थोडे थोडे चालणे वाढवणे, यांचा अशा रोग्यांना औषधाइतकाच उपयोग होतो असे डॉक्टरबाई स्वतः म्हणाल्या. परंतु ते शिकवायला दवाखान्यात आठवड्यातून एकच दिवस माणूस येतो आणि तो दिवस आम्हाला चौथ्या फेरीपर्यंत कोणी सांगितलाच नाही. बुधवारी दुपारी तीन ते पाच ही ती वेळ आहे. लांबून येणाऱ्यांनी पहिली भेटच बुधवारची घ्यावी, सकाळी नऊच्या आत टोकन घ्यावे, जुने सगळे एक्स-रे, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि जुना पंप बरोबर न्यावा, आणि रोग्याला कशाकशाने धाप लागते ते घरीच कागदावर लिहून ठेवावे. आत गेल्यावर म्हातारे माणूस हमखास “बरं आहे” असे म्हणते.

पाच पैकी मी या दवाखान्याला चार गुण देते. कापलेला एक गुण जिना, खुर्ची आणि इकोच्या पायपिटीचा आहे.

आईची आजची स्थिती अशी आहे की ती एका उशीवर झोपते, पायांची सूज गेली आहे आणि सहा मिनिटांत ती पूर्वी २१० मीटर चालत असे, ते आता २८५ झाले आहे. फुफ्फुसांचे जे नुकसान झाले ते भरून येणार नाही आणि चढावर धाप लागणारच, हे डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी आईच्या समोर, तिच्याकडे बघून सांगितले होते. मला बाजूला घेऊन नव्हे. मागच्या गुरुवारी ती माझ्याबरोबर बाजारात आली, दोनदा थांबली आणि थांबल्या जागी उभी राहून वांग्यांच्या भावावर घासाघीस केली. गल्लीतल्या त्या चौघींपैकी दोघींना आम्ही पुढच्या बुधवारी बरोबर नेणार आहोत. तिसरीचा मुलगा अजून वय झाले असेच म्हणतो, त्याच्याशी आई स्वतः बोलणार आहे.